पेट्रोलात लपलेले पाणी

मोटारीला चालणारे पेट्रोल विमानाला चालेलच असे नाही. छोट्या विमानांत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल भरले तर काय होऊ शकते, याची माहिती या पाठात दिली आहे.

मुलांनो, पेट्रोल पंपावर 'ई २०' ही अक्षरे तुम्ही पाहिली असतील. 'ई' म्हणजे इथेनॉल. शंभर लिटर इंधनात वीस लिटर इथेनॉल आणि बाकीचे पेट्रोल, असा त्याचा अर्थ आहे. इथेनॉलला मराठीत मद्यार्क म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात उसाच्या रसापासून व मळीपासून ते तयार करतात. त्यामुळे परदेशातून आणावे लागणारे तेल काही प्रमाणात वाचते.

मग तुमच्या मनात प्रश्न येईल, जे इंधन मोटारीला चालते, ते विमानाला का चालू नये?

मोठ्या प्रवासी विमानांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची जेट इंजिने रॉकेलच्या जातीच्या इंधनावर चालतात. परंतु दोन-चार माणसांची छोटी विमानेही असतात. नवे वैमानिक त्यांवर शिकतात. काही विमाने पिकांवर औषध फवारतात. अशा पुष्कळ विमानांची इंजिने मोटारीसारखी, पिस्टनची असतात. त्यांना 'ॲव्हगॅस' नावाचे खास पेट्रोल लागते. ते महाग असते. शिवाय सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या ॲव्हगॅसमध्ये शिसे असते. शिसे विषारी आहे. लहान मुलांच्या मेंदूला तर ते फारच घातक आहे. म्हणूनच भारतात २००० साली मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे काढून टाकण्यात आले.

अमेरिकेतील छोट्या विमानांच्या मालकांना वाटले, स्वस्त असे मोटारीचे पेट्रोलच का वापरू नये? चाचण्या झाल्या. १९८२ साली तेथील सरकारच्या विमान खात्याने 'सेसना १५०' या दोन आसनांच्या विमानात मोटारीचे पेट्रोल वापरण्यास परवानगी दिली. पुढे इतर अनेक विमानांनाही अशी परवानगी मिळाली. मात्र एक अट होती. पेट्रोलात इथेनॉल असता कामा नये. ही अट का बरे घातली असेल?

पहिले कारण पाणी. हवेत नेहमी बाष्प असते. रात्री गारवा पडला की अर्ध्या रिकाम्या टाकीत आतून दव जमते. कधी झाकणातून पावसाचे पाणीही झिरपते. पाण्यावर इंजिन चालत नाही. म्हणून उड्डाणापूर्वी वैमानिक टाकीच्या तळातून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढतो आणि उजेडात धरून पाहतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे ते पेल्याच्या तळाशी वेगळे दिसते. पाणी दिसले, तर ते पूर्ण निघून जाईपर्यंत तो नमुने काढत राहतो. घरी एका बाटलीत थोडे खाद्य तेल आणि पाणी घालून पाहा. पाणी खाली, तेल वर, असे दोन थर तुम्हालाही दिसतील.

इथेनॉल आले की ही साधी तपासणी फसू शकते. इथेनॉल पाण्याला आपल्यात सामावून घेते. दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलात साधारण हवामानात सुमारे अर्धा टक्का पाणी विरघळून राहू शकते. म्हणजे शंभर लिटरमध्ये जवळजवळ अर्धा लिटर! पेल्यात काहीच दिसत नाही. वैमानिकाला वाटते, इंधन स्वच्छ आहे.

खरा धोका यानंतर सुरू होतो. आईने केलेला साखरेचा घट्ट पाक आठवा. गरम पाकात साखर दिसत नाही. तोच पाक थंड झाला, की साखरेचे दाणे तळाशी बसतात. येथेही तसेच घडते. दर एक किलोमीटर उंचीला हवेचे तापमान साधारणपणे साडेसहा अंशांनी कमी होते. विमान वर गेले की टाकीतील इंधन हळूहळू थंड होऊ लागते. थंड इंधनात पूर्वीइतके पाणी मावत नाही. मग पाणी एकाएकी वेगळे होते, आणि जाताना बरेचसे इथेनॉलही सोबत घेऊन तळाशी बसते. इंजिनाकडे जाणारी नळी तळाजवळच असते. पेट्रोलाऐवजी पाणी आणि इथेनॉल इंजिनात शिरले, तर इंजिन बंद पडू शकते. मोटार बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला उभी करता येते. विमान आकाशात उभे करता येत नाही.

दुसरे कारण विमानाचे भाग. पुष्कळ छोटी विमाने जुनी आहेत. त्यांच्यातील रबरी नळ्या, वायसर आणि टाकीचे अस्तर इथेनॉलचा विचार करून बनवलेले नाहीत. इथेनॉलमुळे असे भाग फुगतात, मऊ पडतात किंवा सुटू लागतात. मग गळती होते, नाहीतर सुटलेले कण गाळणीत अडकतात.

तिसरे कारण वाफ. पेट्रोलात थोडे इथेनॉल मिसळले की त्याची वाफ लवकर होते. उंचावर हवेचा दाबही कमी असतो. अशा वेळी गरम इंजिनाजवळच्या नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि इंधनाची वाट अडते.

मग इथेनॉल वाईट आहे का? मुळीच नाही. ब्राझील या देशात उसाचे पीक खूप येते. तेथे 'इपानेमा' नावाचे, पिकांवर औषध फवारणारे विमान बनते. २००४ साली या विमानाला शुद्ध पेट्रोलऐवजी इथेनॉलवर उडण्याची अधिकृत मान्यता मिळाली. कारखान्यातून असे तयार होऊन मान्यता मिळवणारे ते जगातील पहिले विमान ठरले. गंमत अशी, की ब्राझीलच्या या इथेनॉलमध्ये सुमारे पाच टक्के पाणी असतेच. तरी ते वेगळे होत नाही. कारण त्यात पेट्रोलच नाही! पाणी आणि इथेनॉल एकमेकांत पूर्णपणे मिसळून राहतात. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश ऊर्जा असते. म्हणून या इंजिनाला जास्त इंधन पुरवावे लागते. त्यासाठीच त्याची इंधनव्यवस्था वेगळी बनवली आहे.

आज काही नव्या छोट्या इंजिनांना दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालते. तरीही फक्त इंजिनाला मान्यता असून भागत नाही. विमानाची टाकी आणि नळ्यांनाही ते चालले पाहिजे.

पेट्रोलात इथेनॉल आहे की नाही, हे ओळखण्याची एक सोपी रीत वैमानिकांना माहीत असते. काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घेतात. वरून पेट्रोल ओततात, नळी हलवतात आणि थोडा वेळ स्थिर ठेवतात. पाण्याची पातळी खुणेच्या वर चढली, तर इथेनॉल पाण्यात उतरले असे समजावे. जे पाणी इथेनॉलमध्ये लपते, तेच पाणी येथे इथेनॉलला पकडून देते! पेट्रोल लगेच पेट घेते, म्हणून मुलांनी हा प्रयोग करू नये.

'पेट्रोल ते पेट्रोल, त्यात काय पाहायचे?' असे म्हणणारी माणसे आपल्याला भेटतात. इपानेमाला जे इंधन मानवते, तेच जुन्या सेसनाला घात करू शकते. म्हणून वैमानिक आधी तपासतो, खात्री करून घेतो, आणि मगच उडतो.

शब्दार्थ
मळी – साखर बनवताना उरणारा दाट, काळपट रस
बाष्प – पाण्याची वाफ
झिरपणे – हळूहळू आत शिरणे
अस्तर – आतील थर
मानवणे – सोसणे, चालणे
घात करणे – मोठे नुकसान करणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'ई २०' या अक्षरांचा अर्थ काय?
(आ) वैमानिक टाकीच्या तळातूनच नमुना का काढतो?
(इ) इपानेमा विमान कोणत्या देशात बनते?
प्र. २. कारणे द्या.
(अ) इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलातील पाणी पेल्यात दिसत नाही.
(आ) ब्राझीलच्या इथेनॉलमधील पाणी वेगळे होत नाही.
प्र. ३. हवा, नमुना हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी तीन शब्द पाठातून शोधून वाक्यांत उपयोग करा.