जाळ्याची शिकवण

गोंदिया जिल्हा तलावांसाठी प्रसिद्ध आहे. नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा हे तेथील मोठे तलाव होत. या जिल्ह्यातील ढीवर समाजाची उपजीविका मासेमारीवर चालत आली आहे.

पूर्वी सुताची जाळी हातानेच विणीत. मोठे जाळे पुरे होण्यास पुष्कळ दिवस लागत. म्हणून ते रोज थोडेथोडे विणावे लागे. जुन्या जाळ्याचा तुटलेला धागा मात्र लगेच सांधावा लागे. तसे न केल्यास भोक वाढे, मासे निसटत आणि घरात चूल पेटण्याची पंचाईत पडे. आज यंत्रावर विणलेली नायलॉनची जाळी मिळतात. तरी ती फाटली म्हणजे हातांनाच कामास लागावे लागते.

मोठे काम नित्यनेमाने चालवावे आणि लहान काम उद्यावर टाकू नये, हीच जाळ्याची शिकवण होय.