पाच, पन्नास, पाचशे मीटर : मुलाचे चालणे कसे पाहावे?

मी नर्स होते तेव्हाची गोष्ट. सेरेब्रल पाल्सी असलेली आठ वर्षांची एक मुलगी तपासणीला आली होती. डॉक्टरांनी तिला व्हरांड्यात चालायला सांगितले. फरशी सपाट, जागा मोकळी. वॉकर धरून ती दहा-बारा पावले नीट चालली. मी कागदावर लिहिले, "वॉकरने चालते."

दोन वर्षांनी कामानिमित्त तिच्या वस्तीत गेले. गल्ली इतकी अरुंद की वॉकर आत शिरत नव्हता. तो पोटमाळ्यावर पडला होता. घरात ती रांगायची. सार्वजनिक शौचालयापर्यंत आई तिला उचलून न्यायची. मुलीचे वजन वाढले, आईची कंबर गेली आणि मुलीची शाळा सुटली. माझ्या कागदावर यातले काहीच नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते.

म्हणून आज एकच गोष्ट सांगते. मुलाला चालता येते का, हा एक प्रश्न. मूल रोज चालते का, कुठे आणि कशाच्या आधाराने, हा दुसरा प्रश्न. दुसऱ्याचे उत्तर दवाखान्यात मिळत नाही, ते घरच्यांकडे असते.

तीन अंतरे

ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या तज्ज्ञांनी २००४ साली यासाठी एक सोपी पद्धत मांडली. तिचे नाव 'फंक्शनल मोबिलिटी स्केल'. ती सेरेब्रल पाल्सी असलेल्या ४ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी आहे. तिला यंत्र लागत नाही, टेपही लागत नाही. तीन ठिकाणी मूल कसे वावरते, एवढेच विचारायचे:

५ मीटर, म्हणजे घरात. अंथरुणापासून मोरीपर्यंत, दारापर्यंत.
५० मीटर, म्हणजे शाळेत. वर्गातून मैदानापर्यंत.
५०० मीटर, म्हणजे बाहेर. बाजार, बसथांबा, लग्नाचा मांडव.

प्रत्येक ठिकाणासाठी एक आकडा द्यायचा:

१ – व्हीलचेअर किंवा ढकलगाडी लागते.
२ – वॉकर लागतो.
३ – कुबड्या लागतात.
४ – एक किंवा दोन काठ्या लागतात.
५ – आधाराशिवाय चालते, पण सपाट जागेवरच. जिन्याला कठडा लागतो.
६ – खडबडीत रस्ता, पायऱ्या, गर्दी, सगळीकडे आधाराशिवाय चालते.

मूल रांगत असेल किंवा तेवढे अंतर जातच नसेल, तर या पद्धतीत त्यासाठी वेगळी खूण आहे. आपण वहीत सरळ शब्दांत लिहावे: 'रांगते', 'जात नाही', 'उचलून नेतो'.

इथे घरच्यांची एक चूक नेहमी होते. मूल भिंत, कपाट, दुकानाच्या फळ्या धरत धरत जाते आणि आपण म्हणतो, "काही न धरता चालते." भिंत हाही आधारच आहे. अशा मुलाला ५ नाही, ४ आकडा द्यायचा. आणि आपल्या गल्लीत उघडी गटारे, उखडलेल्या फरश्या, उभे जिने असतात. तिथे ५ आणि ६ मधला फरक म्हणजे मूल एकटे शाळेत जाणार की नाही, हाच फरक.

आकडा कमी म्हणजे मूल नापास, असे समजू नका. लांबच्या अंतराला व्हीलचेअर वापरणारे मूल शाळेत ताजेतवाने पोचते. ओढत-रखडत पोचलेले मूल पहिल्या तासालाच दमून जाते.

वही कशी ठेवावी

दर सहा महिन्यांनी तारीख घालून तीन ओळी लिहा. उदाहरणार्थ: 'घर – रांगते. शाळा – २. बाजार – उचलून नेतो.' खाली लिहा: वॉकर गल्लीत मावतो का? शौचालयाला कोण नेते? आठवड्यात किती वेळा पडले? पायाला पट्टे किंवा विशेष बूट असतील तर तेही लिहा.

सेरेब्रल पाल्सीत मेंदूची इजा वाढत नाही, पण मूल वाढते. हाडे लांब होतात, ताठ स्नायू मागे पडतात, खुब्याचा सांधा सरकू शकतो. म्हणून आकडा उतरला, तर "आळशी झाले" म्हणून रागावू नका. फिजिओथेरपिस्टना वही दाखवा आणि खुबा तपासायला सांगा. ऑपरेशननंतर मात्र काही महिने आकडा उतरतो, मग हळूहळू वर येतो.

आधी नीट चालणारा तीन-पाच वर्षांचा मुलगा वारंवार पडू लागला, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकू लागला, तर हा स्नायूंचा वेगळा आजार असू शकतो. वाट न पाहता दाखवा.

बाळ लहान असेल तर

नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षापर्यंत चालत नाही, किंवा वर्षाच्या आतच एकच हात वापरते आणि दुसरी मूठ मिटलेली ठेवते, अशा बाळाला लवकर तपासून घ्या. "याचा बापही उशिराच चालला" म्हणून थांबू नका.

कुठे जावे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. पथक कधी येणार ते अंगणवाडी सेविकेला विचारा. पथक मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र निदान व उपचार केंद्रात पाठवते, तिथे उपचार मोफत असतात.

अपंगत्वाचा दाखला आणि युडीआयडी कार्ड काढून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शाळेत पोचण्यासाठी प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्ता मिळतो का, ते मुख्याध्यापकांना विचारा.

आणि जाल तिथे वही न्या. डॉक्टरांनी मुलाला फरशीवर चालवून पाहिले की म्हणा, "साहेब, इथे असे चालते. आमच्या गल्लीत कसे, ते यात लिहिले आहे." साधन ठरवताना गल्लीची रुंदीही सांगा. मी त्या मुलीच्या आईला तेव्हा एवढेच विचारले असते, तर तो वॉकर पोटमाळ्यावर गेला नसता.