दर मोसमाला तेच पाय

कोल्हापुरातल्या पेठांच्या आणि तालमींच्या संघांतले पाय बरीच वर्षं माझ्या हाताखालून गेले आहेत. मी फिजिओथेरपिस्ट. या काळात एक प्रश्न दर मोसमाला ऐकला : "आमच्याच संघाला कसं काय लागतंय सारखं?" उत्तरंही प्रश्न विचारणाऱ्याकडेच तयार असतात. शाहू स्टेडियमचं मैदान टणक झालंय, पंच धसमुसळा खेळ चालू देतात, कुणाची तरी नजर लागली. पण त्याच मैदानावर, त्याच पंचांसमोर खेळणारा दुसरा एखादा संघ मे महिन्यातही धडधाकट असतो. हा फरक कुठून येतो, याबद्दल कामातून आणि वाचनातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

१. नव्या दुखापतींपेक्षा परतून आलेल्या दुखापती मोजाव्यात.

युरोपातल्या बड्या क्लबांच्या दुखापतींची नोंद स्वीडनचे डॉ. यान एकस्ट्रँड आणि त्यांचे सहकारी २००१ पासून ठेवत आले आहेत. २००१-०२ च्या मोसमात एकूण दुखापतींपैकी १२ टक्के मांडीच्या मागच्या स्नायूच्या, म्हणजे हॅमस्ट्रिंगच्या होत्या. २०२१-२२ मध्ये त्या २४ टक्के झाल्या. मधल्या काळात क्लबांची वैद्यकीय पथकं फुगली, जीपीएसची बनियनं आली, आणि तरी वाटा दुप्पट! मला मात्र त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. यातल्या १८ टक्के दुखापती आधी झालेल्याच पुन्हा उलटलेल्या होत्या, आणि त्यांतल्या दोन तृतीयांशाहून अधिक खेळाडू मैदानात परतल्यापासून दोन महिन्यांच्या आत.

आमच्याकडे हे कसं घडतं ते सांगतो. आघाडीचा पोरगा पळता पळता मांडी धरून खाली बसतो. बर्फ, स्प्रे, क्रेप बँडेज. आठवड्याभरात चालताना दुखायचं थांबतं. पुढच्या आठवड्यात तो रंकाळ्याला हळूहळू एक फेरी मारतो, "आता कायबी न्हाई" म्हणतो आणि रविवारी उतरतो. हा स्नायू बहुतेक वेळा फाटतो तो पूर्ण वेगात. पाय पुढे फेकलेला असतो, तळवा अजून टेकायचा असतो, आणि ताणलेल्या अवस्थेतच त्या स्नायूला पुढे जाणारा पाय आवरून धरायचा असतो. चालताना किंवा सावकाश पळताना त्याच्यावर ही वेळच येत नाही. मग दुखत नाही यावरून काय कळणार? सरावाच्या शेवटी, दमलेला असताना, तो सहा-सात वेळा जीव खाऊन पळाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडी आखडली नाही, तर मी पुढचं बोलतो. तोवर संघ चालवणाऱ्या मंडळाचे लोक माझ्याशी बोलायचे थांबलेले असतात, ही गोष्ट वेगळी.

पहिली दुखापत कुणालाही होते. त्याच पोराची तीच मांडी मोसमात दुसऱ्यांदा गेली, की मी पोराकडे कमी आणि संघाकडे जास्त बघतो.

२. "खेळव" हा शब्द कोणाच्या तोंडून निघतो ते शोधावं.

माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

आमच्या संघांत प्रशिक्षक असतो, मंडळाचे पदाधिकारी असतात, ज्यांनी आपल्या काळात पाय मोडून घेऊनही सामना संपवला असे जुने खेळाडू असतात आणि कट्ट्यावर बसणारी सगळी पेठ असते. पारंपरिक प्रतिस्पर्धी समोर आला की आठवडाभर आधीपासून पेठेत दुसरा विषय नसतो. अशा वेळी एका संघाच्या मधल्या फळीतल्या पोराचा घोटा सुजलेला होता. मी प्रशिक्षकाला सांगितलं, तीन आठवडे नको. प्रशिक्षकाने मान डोलावली. शनिवारी रात्री पदाधिकारी पोराच्या घरी गेले, आणि रविवारी तो घोट्याला पट्टी गुंडाळून पहिल्या अकरात दिसला. प्रशिक्षकालाही ते सकाळीच कळलं होतं. यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पोरालाही खेळायचंच होतं. पण घोट्याची अवस्था ज्याला माहीत होती त्याच्या हातात निर्णय नव्हता, आणि ज्यांच्या हातात निर्णय होता त्यांनी घोट्याला हात लावला नव्हता.

हे फक्त गावातल्या फुटबॉलचं दुखणं असावं असं मला आधी वाटायचं. मग एकस्ट्रँड यांच्याच गटाचा युरोपातल्या ३६ अव्वल क्लबांवरचा अभ्यास वाचला. त्यांनी क्लबांच्या वैद्यकीय पथकांना विचारलं, तुमचं मुख्य प्रशिक्षकाशी बोलणं कितपत नीट होतं? जिथे हे बोलणं तुटक होतं तिथे दुखापतींचा भार जास्त निघाला आणि खेळाडू कमी वेळा उपलब्ध राहिले. कोट्यवधी युरोंच्या क्लबांतही गोष्ट येऊन थांबते ती दोन माणसं एकमेकांचं ऐकतात का, इथेच. संबंध आढळला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही, हे मान्य. हरणाऱ्या, धास्तावलेल्या क्लबांत बोलणंही बिघडतं आणि जखमी खेळाडूंना घाईने उतरवलंही जातं. तरी मला विचाराल तर ही दोन्ही दुखणी एकाच घरातली.

म्हणून आता नव्या संघाबरोबर काम घेताना मी मानधनाआधी एकच गोष्ट ठरवून घेतो. माझं मत प्रशिक्षक आणि अध्यक्ष या दोघांना एकाच वेळी, एकाच ग्रुपवर, लेखी जाईल. त्यांनी ते मानावं असा आग्रह नाही. आपल्याला सांगितलंच नव्हतं असं नंतर कुणाला म्हणता येऊ नये, एवढंच.

३. पावसाळ्यात झोपलेल्या शरीराला डिसेंबरात दौडवू नये.

आमचा मोसम हिवाळ्यात सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. पावसाळ्यात बहुतेकांचा सराव बंद असतो. मग मोसम तोंडावर आला की नवा प्रशिक्षक येतो आणि धाक बसवायला पोरांना पहिल्याच आठवड्यात पन्हाळ्याच्या चढावर पळवतो. स्नायू आणि सांध्यांना ओझं चालतं, ओझ्यातली उडी चालत नाही. शिवाय चढावर दम वाढतो, पण सपाटीवर जसा पाय लांब पडतो तसा तिथे पडत नाही. पोरं दमदार होतात आणि पहिल्याच सामन्यात, पहिल्याच मोकळ्या धावेत मांडी जाते. हवं ते उलटं आहे. आधी थोडं, मग दर आठवड्याला जरा जास्त, आणि त्यात सुरुवातीपासूनच थोड्या पण खऱ्या वेगाच्या धावा. प्रशिक्षक वारंवार बदलणाऱ्या संघात हे गणित दरवर्षी शून्यापासून सुरू होतं.

४. चांगला खेळतोय म्हणजे ताजा आहे, असं नसतं.

संशोधक ग्रेगरी ड्युपों यांच्या २०१० च्या अभ्यासाने माझे डोळे उघडले. आठवड्यात एक सामना खेळताना दर हजार तासांमागे ४.१ दुखापती, दोन सामने खेळताना २५.६. आणि धक्कादायक भाग असा की दोन सामन्यांच्या आठवड्यातही खेळाडू तेवढंच अंतर, तेवढ्याच वेगाने पळत होते. म्हणजे बाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाला काही दिसणारच नाही. शरीर पळतं आणि मग एकदम तुटतं.

जॅक विल्शर हे उदाहरण मी पोरांच्या आईवडिलांना सांगतो. २०१०-११ मध्ये, वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, तो आर्सेनलकडून ४९ सामने खेळला. पुढचा अख्खा मोसम घोट्याच्या दुखापतीत गेला, आणि पुढे तो घोटा त्याला कधी पुरता सुटलाच नाही. उलट बाजूला २०१५-१६ चं लेस्टर सिटी. प्रशिक्षक क्लाउदिओ रानिएरी आठवड्यात दोन दिवस पूर्ण सुट्टी द्यायचे. अख्ख्या लीगमध्ये त्यांनी फक्त २३ खेळाडू वापरले आणि विजेतेपद घेतलं. त्या वर्षी त्यांना युरोपीय स्पर्धा नव्हत्या, देशांतर्गत चषकांतूनही ते लवकर बाहेर पडले होते. टीकाकार हे सांगून लेस्टरचं श्रेय कमी करतात. मला तर त्यात माझा मुद्दाच दिसतो.

आमच्याकडे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग आटोपली की चषकांच्या बाद फेरीच्या स्पर्धा एकामागून एक लागतात. जो संघ जिंकत जातो त्याचेच सामने वाढतात. त्यात भर म्हणून चांगला पोरगा रात्री टर्फवर पाच-पाचच्या स्पर्धेत बक्षिसाच्या रकमेसाठी खेळून येतो आणि ते कुणालाच सांगत नाही. त्याला रागवून उपयोग नाही, कारण ते पैसे त्याला लागतात.

५. औषध माहीत असणं आणि ते घेणं यांत फार अंतर आहे.

दोन पोरं. एक गुडघ्यांवर, दुसऱ्याने त्याचे घोटे दाबून धरलेले. पहिल्याने पाठ सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचं आणि पडणं मांडीच्या जोरावर जमेल तेवढं रोखायचं. याला नॉर्डिक हॅमस्ट्रिंग म्हणतात. यंत्र नको, जिम नको, पैसा नको. नियमाने केलं तर हॅमस्ट्रिंगच्या दुखापती साधारण निम्म्यावर येतात, असं अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. आणि २०१५ मध्ये संशोधक रोआल्ड बार यांनी चॅम्पियन्स लीग आणि नॉर्वेच्या अव्वल लीगमधले ५० संघ तपासले तेव्हा ८० टक्क्यांहून जास्त संघ हा व्यायाम ठरल्याप्रमाणे करतच नव्हते.

का, ते मला ठाऊक आहे. पहिले दोन-तीन आठवडे मांड्या इतक्या दुखतात की पोरं जिना उतरताना कठडा धरतात. मोसमाच्या मध्यात सुरू केलं तर रविवारच्या सामन्यात पाय जड होतात आणि बोल फिजिओला लागतो. म्हणून मी हे ऑगस्टमध्ये, पाऊस चालू असताना, तालमीच्या मातीवरच सुरू करून घेतो. तिथे फुटबॉल दिसत नाही म्हणून अर्धी पोरं येत नाहीत. उरलेली अर्धी मात्र मे महिन्यातही पळत असतात.

६. यंत्रावर फार भिस्त ठेवू नये.

एसी मिलानने २००२ मध्ये खेळाडूंच्या शरीराची मोजमापं घेणारी मिलान लॅब उभारली. पाओलो माल्दिनी चाळिशीपर्यंत खेळला, २००७ मध्ये वयस्कर संघाने युरोप जिंकलं, आणि जगभर या प्रयोगशाळेचं नाव झालं. मग त्याच क्लबात अलेशांद्रे पाटोसारखा विशीतला खेळाडू स्नायूंच्या दुखापतींनी पुन्हा पुन्हा बाहेर बसत राहिला. मोजमापाची सोय चांगलीच, पण मोजल्यावर खेळाडूला बाकावर बसवायची धमक यंत्रात नसते.

७. काही दुखापतींना क्लब जबाबदार नसतो.

आर्सेनलच्या अबू दियाबीचा घोटा २००६ मध्ये संडरलंडच्या मैदानावर एका घातकी टॅकलमध्ये मोडला. पुढे आर्सेनलमध्ये त्याला चाळीसहून जास्त दुखापती झाल्या. घोटा नीट वाकेना की गुडघा, मांडी, जांघ असं सगळंच वेगळं काम करू लागतं. आर्सेनलवर त्या काळी बरीच टीका व्हायची, त्यातली काही रास्त होती, पण दियाबीच्या यादीतल्या कितीतरी दुखापती एका परक्या बुटाच्या खात्यावर टाकायला हव्यात. रिआल माद्रिदमध्ये २०२३ च्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत कोर्टवा, मिलिताव आणि अलाबा या तिघांच्या गुडघ्यांचे एसीएल हे अस्थिबंध गेले, तरी त्या मोसमात संघाने ला लीगा आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही जिंकल्या. तीन एसीएलवरून क्लबच्या कारभाराबद्दल मी काही ठरवणार नाही. एका मोसमात तीच मांडी तिसऱ्यांदा गेली तर ठरवेन.

८. वही ठेवावी.

शंभर पानी, आडव्या रेघांची. तारीख, खेळाडू, कुठला पाय, कुठली जागा, सामन्यात की सरावात, कितव्या मिनिटाला, मैदानात परतला कधी. हे रकाने भरायला कुठल्याही मंडळात एक चिकाटीचा पोरगा मिळतो. दोन मोसमांत संघाला स्वतःबद्दल जे कळतं ते मी सांगून कळत नाही. एका संघाच्या वहीत जवळजवळ सगळ्या मांड्या दुसऱ्या सत्राच्या शेवटच्या वीस मिनिटांत गेलेल्या निघाल्या. मग त्यांनी सामना संपत आला की राखीव पोरांना उतरवायला सुरुवात केली.

मी एक रकाना जादा आखून देतो : परत खेळवायचं कुणी ठरवलं. बाकी सगळं नीट भरलेलं असतं. हा मात्र अजून बहुतेक वह्यांत कोराच आहे.