माल्थस, कडवंची आणि आमची बादली

इकॉनॉमिक्सच्या तासाला सरांनी फळ्यावर 'माल्थस' असं लिहिलं तेव्हा अर्धा वर्ग डुलक्या घेत होता. मीसुद्धा! (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी असं-तसंच आहे, चुका पोटात घाला.) जाग आली ती आकड्यांनी.

थॉमस माल्थस या इंग्रज पाद्र्याने 1798 साली मांडलं की लोकसंख्या गुणाकाराने वाढते आणि अन्न फक्त बेरजेने. दर 25 वर्षांनी माणसं 1, 2, 4, 8, 16. अन्न 1, 2, 3, 4, 5. म्हणजे शंभर वर्षांनी 16 तोंडं आणि 5 भाकरी. मग दुष्काळ, रोगराई आणि लढाया हिशोब जुळवतात. हेच गृहस्थ पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरीच्या कॉलेजात शिकवायचे. हिंदुस्थानात येणारे कितीतरी साहेब त्यांचे विद्यार्थी!

माझ्या आजोबांची अंबड तालुक्यात 24 एकर जमीन. तीन मुलगे, म्हणून 8-8 एकर. प्रत्येकाला दोन मुलगे, म्हणजे नातवाला 4 एकर. (नातींचा वाटा कुणी धरलाच नाही, तो वेगळा विषय!) माल्थस समजायला आमचा सातबारा पुरे.

पण तो चुकला, आणि कुठे चुकला ते आपल्या जालन्यातच दिसतं. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको सुरू केली, संकरित बियाणं शेतकऱ्यांपर्यंत पोचवलं आणि 1998 साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. जमीन तेवढीच, बी बदललं. एस्टर बोसरप या बाईंनी 1965 मध्ये हेच म्हटलं होतं : माणसं वाढली की गरजेपोटी शेतीची पद्धत बदलते. मला त्यांचं पटतं, पण अर्धंच. कारण बियाणं माणसाला तयार करता येतं, पाणी करता येत नाही.

2001 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात 16 लाख माणसं होती, 2011 ला साडेएकोणीस लाख. पाऊस काही त्या हिशोबाने वाढला नाही. काकांच्या शेतात पहिल्या बोअरला 180 फुटांवर पाणी लागलं होतं. 2012 च्या दुष्काळात 600 फूट खाली गेले, वर आली नुसती धूळ. शेजाऱ्याने खोल घेतला म्हणून काकांनी घेतला, काकांनी घेतला म्हणून त्याने आणखी खोल. गॅरेट हार्डिनने 1968 मध्ये याच गोष्टीवर लेख लिहिला : जे सगळ्यांचं, ते प्रत्येकजण आधी ओरबाडतो. यात माणसं किती यापेक्षा नियम आहे की नाही, हा प्रश्न मोठा वाटतो.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 चं नोबेल मिळालं ते यासाठीच. लोक एकत्र बसून नियम करू शकतात, हे त्यांनी दाखवलं. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस बंद केला. आपल्या कडवंचीत 1996 पासून पाणलोटाची कामं झाली, बांधबंदिस्ती झाली, शेततळी आली आणि कोरडवाहू गावात द्राक्षं पिकली. मात्र शेततळं पावसाने भरलं तर ठीक. विहिरीतून उपसून भरलं तर सगळ्यांचं पाणी एकाचं होतं, एवढाच फरक!

आता आपलं होस्टेल. उन्हाळ्यात टाकी सकाळी सातलाच रिकामी. का? टंचाई म्हणून प्रत्येकीने बादली, टब, दोन कळशा आणि मॅगीचं पातेलंसुद्धा भरून ठेवलेलं! संध्याकाळी त्यातलं निम्मं पाणी ओतून द्यायचं, कारण 'शिळं' झालं. मुली तेवढ्याच, टाकी तेवढीच. टंचाई आम्हीच तयार केली.

मार्चमध्ये आमच्या मजल्याने मीटिंग घेतली. माणशी दोन बादल्या, दारावर यादी, भरली की टिक. अकरा दिवस टाकी दुपारपर्यंत पुरली. सबमिशनच्या आठवड्यात कुणीतरी तिसरी बादली भरली. ती कोण हे शोधायचं नाही असं ठरलं, पण यादीत आता टिकेच्या शेजारी वेळही लिहावी लागते.