रोपांचा पहिला आहार : रायपूरच्या चार मातींच्या निमित्ताने

जूनच्या मध्यास मोसमी पाऊस रायपूरच्या परिसरात पोचतो. त्या सुमारास गावोगावच्या शेतांत, तळ्याच्या किंवा विहिरीच्या आश्रयाने, पोपटी रंगाचे लहान लहान तुकडे दिसू लागतात. भाताच्या या कोवळ्या रोपांना छत्तीसगढी बोलीत ‘थरहा’ म्हणतात. कोकणातला शेतकरी त्यांनाच ‘तरवा’ म्हणतो. दहा गुंठ्यांच्या अशा एका तुकड्यावर हेक्टरभर शेताची लावणी अवलंबून असते. तो तुकडा करपला तर बियाणे पुन्हा आणावे लागते, पेरणी पुन्हा करावी लागते, आणि रोपे लावणीजोगी होईपर्यंत तीन-चार आठवडे निघून जातात. पाऊस तेवढे दिवस कोणासाठी थांबत नाही. नवलाची गोष्ट अशी की हा तुकडा उपासमारीने जितका जातो, त्याहून कितीतरी लवकर तो अति आहाराने जातो. उपासमार आठवडाभर आधी रंगावरून सूचना देते. खताचा दाह मात्र दोन-तीन दिवसांत काम उरकतो.

अर्थात छत्तीसगढमधील सगळेच भात रोपवाटिकेतून जात नाही. शेतात बी फेकून पेरायचे, रोपे महिन्याभराची झाली व बांधात पाणी साठले की त्यातूनच हलका नांगर फिरवायचा, ही ‘बियासी’ची जुनी पद्धत येथे दीर्घकाळ प्रचारात आहे. परंतु लावणीचे भात काय किंवा टोमॅटो, वांगी, मिरची यांसारख्या भाज्या काय, ज्यांचे बालपण एका जागी व तारुण्य दुसऱ्या जागी जाते त्यांच्या बाबतीत पहिली माती आणि पहिला आहार यांचा विचार स्वतंत्रपणे करावाच लागतो.

माती ओळखण्याची विद्या या प्रदेशाला नवी नाही. येथील शेतकऱ्यांनी जमिनीची चार नावे पाडली आहेत : भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतातील जमाबंदीच्या अधिकाऱ्यांनी हीच देशी नावे उचलली, आणि आजचे मृदाशास्त्रज्ञही आपल्या शास्त्रीय वर्गीकरणाशेजारी ती लिहितात. उंचवट्यावरची लालसर, उथळ व मुरमाड जमीन ती भाटा. तिच्याखालच्या उतारावरची पिवळसर, हलकी, वाळली की कठीण होणारी ती मटासी. सखल भागातली काळी चिकण, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ती कन्हार. मटासी व कन्हार यांच्या मधली, दोहोंचे थोडे थोडे गुण घेतलेली ती डोरसा. एकाच गावच्या शिवारात वरून खाली चालत गेले तर या चारही माती क्रमाने पायाखाली येतात. महाराष्ट्रातील वाचकाने वरकस, मध्यम आणि भारी काळी अशी उतरंड डोळ्यांपुढे आणावी, म्हणजे चित्र पुरेसे स्पष्ट होईल.

यांपैकी रोपांसाठी कोणती माती घ्यावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ‘सुपीक ती चांगली’ असे उत्तर पटकन सुचते, आणि तेच चुकीचे ठरते. बी उगवताना आपली शिदोरी बरोबर घेऊन येते. भाताचा एक दाणा साधारण पंचवीस मिलिग्रॅम वजनाचा असतो, व त्यातील पिष्टमय साठ्यावर रोप तिसरे पान फुटेपर्यंत बव्हंशी तग धरते. टोमॅटोची सुमारे तीनशे बिये मिळून एक ग्रॅम भरते. त्याची शिदोरी लहान असते खरी, परंतु त्याची बीजदले लगेच हिरवी होऊन अन्न तयार करू लागतात. पहिल्या आठ-दहा दिवसांत रोपाला मातीकडून खताची अपेक्षा फारशी नसते. त्याला हवा असतो ओलावा, मुळांना श्वास घेण्यापुरती हवा, आणि पाण्याचा निचरा. या तीन गोष्टी कन्हार मातीत एकत्र मिळणे कठीण. ती ओली असताना हवा कोंडते आणि वाळताना कोवळी मुळे तोडते. भाटा मातीत निचरा उत्तम, पण सकाळी घातलेले पाणी संध्याकाळी टिकत नाही. म्हणून भाजीपाल्याच्या वाफ्यासाठी मटासी किंवा डोरसा मातीत चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी नदीची वाळू मिसळणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. चिखलणी करून पाण्याखाली वाढवायच्या भाताच्या रोपांना मात्र जमिनीचा हा भारीपणा तितका बाधत नाही.

आता दाह म्हणजे नेमके काय, ते पाहू. कोशिंबिरीसाठी चिरलेल्या काकडीला मीठ लावून ठेवले की थोड्या वेळाने तिला पाणी सुटते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मिठाचा जोर बाहेर अधिक असल्याने काकडीच्या पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते. रासायनिक खते हेही एक प्रकारचे क्षारच. ती मातीच्या पाण्यात विरघळली आणि त्या पाण्याची तीव्रता मुळातील रसापेक्षा वाढली, की मुळांना पाणी घेता येत नाही. प्रसंगी त्यांचेच पाणी बाहेर जाते. अशा वेळी माती ओली असूनही रोप माना टाकते. पाहणाऱ्याला वाटते की तहान लागली आहे, किंवा अन्न कमी पडले आहे. तो आणखी एक मूठ खत टाकतो, आणि जे रोप कदाचित वाचले असते तेही हातचे जाते.

युरियाची गोष्ट थोडी वेगळी आहे. युरिया स्वतः क्षार नव्हे. परंतु ओलसर मातीत युरिएज नावाच्या विकराच्या क्रियेने त्याचे काही दिवसांत अमोनियम कार्बोनेट होते, दाण्याभोवतालची माती अल्कधर्मी बनते, आणि त्यातून अमोनिया वायू सुटतो. मुळाच्या कोवळ्या टोकाला हा वायू विषासारखा आहे. उगवत्या बियाशेजारी पडलेला युरियाचा दाणा म्हणूनच घातक ठरतो. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या युरियावर निंबोळी तेलाचा लेप देणे सक्तीचे झाले. त्यामुळे हे खत आता ‘सौम्य’ झाले असा समज काही ठिकाणी आढळतो. तो खरा नाही. लेपामुळे अमोनियमचे नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो व नत्र वाहून जाण्याचे प्रमाण घटते. अमोनिया सुटण्याचे त्यामुळे थांबत नाही.

येथेच मातीची निवड आणि खताची मात्रा या दोन गोष्टींची गाठ पडते. चिकण मातीच्या कणांवर ऋण विद्युत्भार असतो व तो अमोनियमला धरून ठेवतो. कन्हार मातीत जी मात्रा रोपाला कळतही नाही, तीच भाटा मातीत त्याला करपवू शकते, कारण तेथे धरून ठेवणारे कण थोडे असतात. उलट, भाटा मातीत चूक झाली तर दोन-तीन वेळा भरपूर पाणी देऊन क्षार खाली धुऊन काढता येतात. कन्हारमध्ये निचरा नसल्याने ते तेथेच राहतात आणि वाळताना पांढऱ्या पापुद्र्याच्या रूपाने वर येतात. शेजाऱ्याने किती खत टाकले हे विचारण्याआधी त्याची जमीन कोणती हे विचारावे, ते याचसाठी.

भाताच्या रोपवाटिकेला संपूर्ण काळात दर चौरस मीटरला सुमारे दहा ग्रॅम नत्र पुरेसे मानले जाते. युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते, त्यामुळे ही मात्रा सुमारे बावीस ग्रॅम युरियाची झाली. ती एकदम द्यावयाची नसते. निम्मी वाफा तयार करताना मातीत नीट मिसळून, व उरलेली रोपे पंधरा दिवसांची झाल्यावर द्यावयाची असते. म्हणजे एका वेळेस चौरस मीटरला अकरा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या भरल्या मुठीत पन्नास ग्रॅमच्या आसपास युरिया मावतो. एक मूठ चार चौरस मीटरवर सारखी पसरली पाहिजे, हे ध्यानात आले की हात आपोआप आखडतो. वरखत देताना पाने कोरडी असावीत. दव असलेल्या पानावर दाणा चिकटला की त्या जागी तपकिरी डाग पडतो.

शेणखताविषयी एक भाबडा विश्वास सर्वत्र आहे, की ते नैसर्गिक असल्यामुळे कधीच बाधत नाही. कुजलेल्या शेणखताबाबत हे बहुतांशी खरे आहे. ताज्या शेणाबाबत, आणि कोंबडीच्या ताज्या विष्ठेबाबत तर विशेषच, ते सपशेल चूक आहे. कुजण्याच्या क्रियेत उष्णता निर्माण होते, अमोनिया सुटतो, आणि बुरशीला आयते खाद्य मिळते. खत काळे, भुसभुशीत व निर्गंध झाले, मुठीत धरल्यावर गरम लागेनासे झाले, म्हणजेच ते रोपांच्या वाफ्यात घालण्यायोग्य समजावे.

कोकणात आणि ठाणे जिल्ह्यात भाताच्या वाफ्यावर ‘राब’ भाजण्याची चाल आहे. शेणी, झाडांचा टहाळ, वाळले गवत यांचे थर देऊन वर मातीचा पातळ थर पसरतात व उन्हाळ्यात तो पेटवतात. तणांचे बी जळते, राखेतून पालाश मिळतो, आणि तापलेल्या मातीत अमोनियमच्या रूपातील नत्र वाढते. या चालीपायी झाडांची जी तोड होते तिचे समर्थन करता येणार नाही. पण तिच्यामागील निरीक्षण अचूक आहे. रायपूरला मे महिन्यात पारा बहुधा चाळीस अंशांच्या वर असतो. ओल्या वाफ्यावर पारदर्शक पॉलिथीन घट्ट अंथरून चार ते सहा आठवडे ठेवले, तर सरपण न जाळता मातीतील पुष्कळशी बुरशी व तण मरते. ज्या उन्हाला सगळे कंटाळतात ते असे कामी येते.

माती तापवण्याचा असाच प्रयोग इंग्लंडमध्ये निराळ्या कारणाने झाला. लंडनजवळच्या मर्टन येथील जॉन इनेस संस्थेत १९३० च्या दशकात विल्यम लॉरेन्स व जॅक न्यूएल या दोघांना आनुवंशिकीच्या प्रयोगांसाठी प्रिम्युला या फुलझाडाची एकसारखी रोपे हवी होती. ती दर वेळी निरनिराळी वाढत आणि पुष्कळ मरत. त्यांनी माती वाफेने निर्जंतुक केली, तेव्हा रोग थांबला. पण रोपांची वाढ खुंटली. सुपर फॉस्फेट मिसळल्यावर ती वाढ पूर्ववत झाली. अखेरीस त्यांनी बियांसाठी जे मिश्रण ठरवले त्यात दोन भाग पोयटा, एक भाग पीट व एक भाग वाळू होती. सोबत अल्प सुपर फॉस्फेट आणि चुना. नत्राचे कोणतेही वेगळे खत त्यात नव्हते. नत्रयुक्त खताचा प्रवेश रोप कुंडीत हलवल्यानंतरच्या मिश्रणात होतो.

पीटची जागा आपल्याकडे आता नारळाच्या काथ्याच्या भुश्शाने घेतली आहे. अठ्ठ्याण्णव खळग्यांच्या प्लास्टिकच्या तबकांत मिरची-टोमॅटोची रोपे वाढवण्याचा व्यवसाय त्यावरच उभा आहे. हा भुसा कधी कधी खाऱ्या पाण्यात कुजवलेला असतो. तो धुऊन न घेतल्यास खत न देताही रोपे करपतात. खळग्यात माध्यम जेमतेम दोन चमचे मावते, तेव्हा चुकीला जागा नाही. दोन खरी पाने आल्यावर, विद्राव्य खत लिटरभर पाण्यात एक ते दोन ग्रॅम, तेही आधी साध्या पाण्याने माध्यम ओले करून, झारीने द्यावे.

पिवळेपणा दिसला की युरिया, ही सवय मोडणे सर्वांत कठीण. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे, हे बरोबर. परंतु नवे पान शिरांमधून पांढुरके-पिवळे निघत असेल तर लोहाची उणीव असते. कोरड्या वाफ्यातील भाताच्या रोपांत ती वारंवार दिसते, आणि पुष्कळदा वाफ्यात पाणी धरून ठेवल्यानेच भागते, कारण पाण्याखाली मातीतील लोह विद्राव्य होते. पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके येऊन वाढ खुंटली तर जस्ताकडे पाहावे, वाय. एल. नेने यांनी १९६६ मध्ये पंतनगर येथे ‘खैरा’ रोगाचे हे कारण दाखवून दिले. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम झिंक सल्फेट व अडीच ग्रॅम विरवलेला चुना हा त्यावरचा उपाय आहे. आणि रोपाची देठे मातीलगत दोऱ्यासारखी बारीक होऊन ती ठिकठिकाणी पुंजक्यांनी कोलमडत असतील, तर तो आहाराचा प्रश्नच नव्हे, ती बुरशी होय. तेथे दाटी विरळ करणे व पाणी कमी करणे हेच प्रथम करावे लागते. खताच्या दाहात पानांची टोके व कडा आधी करपतात, आणि रोप उपटून पाहिले तर मुळांची टोके पांढरी न राहता तपकिरी झालेली आढळतात.

दाह ओळखू आला तर त्या दिवशी कोणतेही औषध वा खत देऊ नये. वाफ्यातील पाणी बाहेर काढून ताजे पाणी घालावे, व हे एक-दोनदा करावे. गादीवाफा असल्यास झारीने सावकाश, खालून निथळेपर्यंत पाणी द्यावे आणि दुपारच्या वेळी सावली करावी. मधले पान हिरवे राहिले असेल तर आठवड्याभरात नवी पांढरी मुळे फुटलेली दिसतात. ती दिसेपर्यंत खताचे पोते बांधूनच ठेवावे.