नदीवरचे दिवस मोजून घे

चि. सोनू,

तू पाठवलेली तिन्ही ब्रोशरं काल सावकाश वाचली. ताई आणि भाऊजींना तू स्वतःच्या कमाईतून व्हिएतनाम-कंबोडियाला नेणार आहेस, याचं मला फार कौतुक वाटतं. ग्रुप टूर घ्यावी की मेकाँगवरची सात रात्रींची क्रूझ, असं तू विचारलंस. माझं मत क्रूझच्या बाजूने आहे. पण ब्रोशरात छापली आहे तशी घेऊ नकोस, आणि तू म्हणतेस त्या मार्च महिन्यात तर मुळीच नको.

मार्चचं आधी सांगते, कारण बाकीचं पुष्कळसं त्यावर अवलंबून आहे. मेकाँग तिबेटच्या पठारावर उगम पावते आणि चीन, म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया करत व्हिएतनाममध्ये समुद्राला मिळते. कंबोडियाची राजधानी नोम पेन्हपाशी तिला तोन्ले साप नावाची नदी येऊन मिळते, आणि ही नदी वर्षातले काही महिने चक्क उलटी वाहते. पावसाळ्यात मेकाँगला एवढा पूर येतो की तिचं पाणी तोन्ले सापच्या पात्रात मागे रेटलं जातं आणि वरच्या अंगाच्या सरोवरात जाऊन साठतं. उन्हाळ्यात सुमारे अडीच-तीन हजार चौरस किलोमीटर असणारं ते सरोवर पावसाळा संपता संपता दहा हजारांच्या पलीकडे पसरतं. मग नोव्हेंबरच्या सुमारास प्रवाह पुन्हा फिरतो आणि नोम पेन्हच्या काठावर नौकांच्या शर्यतींचा मोठा जलोत्सव होतो. कंबोडियाची मासळी आणि भातशेती या पाण्याच्या येण्याजाण्यावर चालते. जहाजांचं वेळापत्रकही त्यातून सुटत नाही.

अंगकोरच्या देवळांसाठी ज्या सिएम रीप गावात उतरायचं, ते या सरोवराच्या उत्तर बाजूला आहे. सरोवर भरलेलं असतं तोवरच मोठ्या जहाजाला ते पार करता येतं. एरवी तुम्हाला सिएम रीपहून बसने चार-सहा तास नेऊन कांपोंग चामला किंवा नोम पेन्हच्या बाजूला जहाजावर चढवतात. ब्रोशरवर मात्र बारा महिने ‘सिएम रीप ते हो ची मिन्ह सिटी’ असंच छापलेलं असतं. दुसऱ्या टोकालाही हाच प्रकार. बरीच जहाजं हो ची मिन्ह सिटीपर्यंत जातच नाहीत, सत्तरेक किलोमीटर अलीकडे मि थोच्या धक्क्यावर थांबतात आणि पुढे पुन्हा बस. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, तळटिपेत ते लिहिलेलं असतं. पण ताईच्या कंबरेला त्या चार-सहा तासांचा त्रास व्हायचा तो होणारच. म्हणून कंपनीला पहिला प्रश्न हा विचार की, आमच्या तारखेला जहाज नेमकं कुठल्या धक्क्यावरून, किती वाजता सुटणार, आणि त्याआधी बसमध्ये किती तास जाणार. ब्रोशरातल्या सात रात्रींपैकी जहाज प्रत्यक्ष चालतं किती वेळ आणि धक्क्याला बांधलेलं असतं किती वेळ, तेही विचारून घे.

सरोवर जहाजातूनच पार करायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जावं लागेल, पण तेव्हा पाऊस असतो आणि काठावर चिखल. मार्च-एप्रिलमध्ये तिथे उन्हाचा कहर असतो, दगडी देवळं भट्टीसारखी तापतात. मी म्हणेन डिसेंबरमध्ये जा. हवा कोरडी असते आणि सकाळ सुखाची. बस घ्यावी लागेल, पण ती लागणार हे माहीत असताना घेतली की तिचा त्रास वाटत नाही.

ग्रुप टूरबद्दल. आपल्याकडच्या टूर कंपन्यांचा मला आदरच आहे. त्यांच्यामुळे आपल्या कितीतरी लोकांनी, इंग्रजीचा धसका असलेल्या आयाबायांनीसुद्धा, जग पाहिलं. मराठी बोलणारा टूर मॅनेजर, रात्री गरम वरणभात, विमानतळावर व्हीलचेअर, हे सगळं ताईला हवंहवंसं वाटेल. पण तू पाठवलेल्या कार्यक्रमात हनोई, हा लाँग, दा नांग, हो ची मिन्ह सिटी आणि सिएम रीप एवढं सगळं आठ दिवसांत बसवलंय. मधली विमानं मोज, पहाटे उठायचे दिवस मोज. मेकाँग त्यात एका दिवसापुरती आहे, तीही मि थोच्या होडीत तास-दोन तास आणि नारळाच्या वड्यांचं दुकान. अंगकोरला एक दिवस, त्यातलाही अर्धा उन्हात. तुझ्या बाबांसारख्या माणसाला तिथे एका दिवसात परत फिरवणं मला पटत नाही.

ते का, हे जरा सविस्तर लिहिते. अंगकोर वाट बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने विष्णूसाठी बांधलं. पश्चिमेच्या प्रवेशातून आत गेलं की उजव्या हाताच्या ओवरीत कुरुक्षेत्राचं युद्ध भिंतभर कोरलेलं आहे आणि डाव्या हाताला लंकेतलं. शरपंजरी भीष्म तिथे सहज ओळखू येतात. पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन आहे, जवळजवळ पन्नास मीटर लांब, एका बाजूला असुर आणि दुसऱ्या बाजूला देव. भाऊजींनी लहानपणी तुला या सगळ्या कथा सांगितल्या, त्या आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या दगडात, आपल्यापासून इतक्या दूर, ते स्वतः वाचतील. गाइडला घाई असली की या ओवऱ्या दहा मिनिटांत उरकतात, कारण सगळ्यांना सूर्योदयाचा फोटो हवा असतो. सूर्योदय सोडलास तरी चालेल, ओवऱ्या सोडू नकोस. त्या खालच्या पातळीवर आहेत, ताईच्या गुडघ्यांना झेपतील. मधल्या सर्वांत उंच भागाचा जिना फार उभा आहे, तिथे तिने चढू नये, तूही आग्रह करू नकोस. आपल्या पुरातत्त्व खात्याने 1986 ते 1993 या काळात या देवळाच्या जतनाचं काम केलं आणि नंतर ता प्रोम हे झाडांच्या मुळांनी वेढलेलं देऊळ हाती घेतलं, हेही बाबांना सांग. त्यांना आवडेल.

तिकीट एका दिवसाचं 37 डॉलर आणि तीन दिवसांचं 62. तीन दिवसांचं घे. ते दहा दिवसांत केव्हाही वापरता येतं, म्हणजे मध्ये एक दिवस विश्रांती घेता येईल. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर वरच्या भागात सोडत नाहीत.

देवळांना एवढा वेळ आणि ताकद लागते, म्हणूनच प्रवासाची दिशा तू ठरव, कंपनीवर सोडू नकोस. कंपन्या दोन्ही बाजूंनी जहाजं चालवतात. व्हिएतनामहून निघून अंगकोरला शेवट करणं कागदावर भव्य दिसतं. पण वडीलधाऱ्यांना घेऊन जाताना उलट करावं. आधी सिएम रीपला तीन रात्री हॉटेलात राहा, पायांत ताकद असते तोवर देवळं पाहा, मग जहाजावर चढा आणि नदीच्या ओघाबरोबर खाली या. पुढचे दिवस आपोआप विसाव्याचे होतात.

जहाजावरची खोली निवडताना खालच्या डेकची स्वस्त खोली घेऊ नकोस. तिथे बहुधा पाण्यालगत छोटी खिडकी असते, आणि ताई निम्मा प्रवास खोलीतूनच बघणार आहे. लिफ्ट आहे का, ते विचार. अनेक जहाजांवर नसते. गावांत उतरायचं ते बरेचदा फळीवरून किंवा छोट्या होडीत बसून, तिथे कठडा असतो का, हेही विचार.

नोम पेन्हबद्दल बाबांशी आधी बोलून घे. 17 एप्रिल 1975 ला ख्मेर रूज या जहाल कम्युनिस्ट संघटनेने ते शहर ताब्यात घेतलं आणि रिकामं करायला लावलं. पुढच्या पावणेचार वर्षांत त्या देशातली पंधरा ते वीस लाख माणसं उपासमारीने, कष्टाने आणि कत्तलीत गेली. तुओल स्लेंग ही एक शाळा होती, तिचा तुरुंग केला होता. आता ते संग्रहालय आहे. वर्गखोल्यांत कैद्यांचे फोटो ओळीने लावले आहेत, त्यांत मुलंही आहेत. ताईचं मन मला माहीत आहे, तिला जहाजावर राहायचं असेल तर राहू दे. तू मात्र जा. राजवाडा, बाजार आणि हे संग्रहालय एकाच सकाळी कोंबलेलं असेल, तर बाजार गाळ. ज्या माणसांचं आदरातिथ्य आपण आठवडाभर घेतो, त्यांच्या घराघरांत काय घडलं हे समजून घेणं मला आवश्यक वाटतं.

तरंगत्या बाजारांची फार आशा धरू नकोस. रस्ते आणि पूल झाले तसा माल ट्रकने जाऊ लागला, आणि व्हिएतनाममधल्या काइ बे इथला बाजार जवळपास मोडलाच. ब्रोशरातले फोटो जुने असतात. त्यापेक्षा सा देक गावात रेंगाळा. मार्गरित द्युरासच्या 1984 च्या कादंबरीतला प्रियकर ज्याच्यावरून बेतला आहे, त्या माणसाचं घर तिथे आहे. तू ती वाचलेली आहेस.

खाण्याचं. व्हिएतनामी स्वयंपाकात माशांचा सॉस जवळजवळ सगळ्यात असतो, भाजीतसुद्धा, आणि कंबोडियात आंबवलेल्या मासळीची चटणी. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. बुकिंगच्या वेळीच लेखी कळव की मासा, कोळंबी, त्यांचा सॉस, काहीच नको. व्हिएतनाममध्ये ‘चाय’ म्हटलं की शुद्ध शाकाहारी, कारण तिथले अनेक बौद्ध लोक पौर्णिमा-अमावास्येला तसंच जेवतात. मेतकूट आणि भाजलेले पोहे तरीही बरोबर घे.

व्हिसा दोन्ही देशांचे ऑनलाइन मिळतात. व्हिएतनामच्या अर्जात कुठल्या नाक्यावरून प्रवेश करणार ते लिहावं लागतं. तुम्ही नदीतून, तान चाऊच्या बाजूने शिरणार, विमानतळावरून नाही. जाताना हो ची मिन्ह सिटीला उतरून मग सिएम रीपला उडणार असाल, तर अनेक प्रवेशांचा व्हिसा हवा. बँकॉकहून रस्त्याने अंगकोरला जाण्याचा स्वस्त पर्याय तुझ्या तिसऱ्या ब्रोशरात आहे, तो बाजूला ठेव. जुलै 2025 मध्ये थायलंड आणि कंबोडियाच्या सरहद्दीवर लढाई झाली. त्या वाटेच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसांना नेऊ नये.

पैशांत टिप्स, पेयं, विमा आणि टूर कंपनी आधीच वसूल करते तो टीसीएस कर धरून तुलना कर. टीसीएस रिटर्न भरताना वळता होतो, पण आत्ता तो हातातूनच जाणार. विम्यात रुग्णाला दुसऱ्या देशातल्या इस्पितळात हलवण्याचा खर्च आहे का ते पाहा, नदीकाठच्या गावांत मोठी इस्पितळं नसतात. कंबोडियात डॉलर सर्रास चालतात, पण फाटकी किंवा डाग पडलेली नोट घेत नाहीत.

धक्का, बसचे तास, खोलीचा डेक आणि जेवण, या चार गोष्टींची उत्तरं कंपनीकडून ईमेलवर मागव. उत्तर आल्याशिवाय ॲडव्हान्स भरू नकोस, ‘आजच शेवटची सवलत’ म्हणाले तरी. उत्तर आलं की मला पाठव, आपण दोघी बसून वाचू.

तुझी,
मावशी