यकृत प्रत्यारोपणोत्तर प्रमेह व मेदोरोग : वैद्याची भूमिका व मर्यादा

डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे मानवी यकृत प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला. १९६७ मध्ये त्यांना यश लाभले. भारतात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला व १९९८ मध्ये यकृत प्रत्यारोपण यशस्वी झाले. आज मुंबई-पुण्यात ही शस्त्रक्रिया नियमितपणे होते. साहजिकच असे रुग्ण आपल्या चिकित्सालयातही येऊ लागले आहेत. त्यांची तक्रार बहुधा यकृताची नसते. वाढलेले वजन, रक्तशर्करा व रक्तदाब यांची असते.

संप्राप्ती

शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे बहुतेक रुग्णांना आजन्म घ्यावी लागतात. टॅक्रोलिमसमुळे स्वादुपिंडातील इन्सुलिनचा स्राव घटतो. स्टिरॉइडमुळे इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो व भूक वाढते. सायक्लोस्पोरिन व सिरोलिमस यांनी रक्तातील मेद वाढतो. टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरिन वृक्कातील रक्तवाहिन्या संकुचित करतात. त्यातून रक्तदाब वाढतो व कालांतराने वृक्कांची हानी होते. दीर्घकाळ जगलेल्या रुग्णांत हृदयविकार हे मृत्यूचे एक प्रमुख कारण ठरते, ते यामुळेच.

आयुर्वेददृष्ट्या येथे औषधजन्य हेतूला संतर्पणाची जोड मिळते. दीर्घ आजारात कृश झालेल्या रुग्णाला घरचे लोक प्रेमापोटी तूप, मिष्टान्न व विश्रांती भरभरून देतात. आसनसुख, निद्रासुख, गुळाचे पदार्थ, नवे धान्य हे चरकाचार्यांनी सांगितलेले प्रमेहाचे हेतू येथे एकत्र येतात.

परीक्षण

स्टिरॉइडमुळे वाढणारी शर्करा प्रामुख्याने दुपारनंतर वाढते. केवळ उपाशीपोटी तपासणी केल्यास ती निसटते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पांडू व रक्तसंक्रमण यांमुळे एचबीए१सी विश्वसनीय नसते. वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, मेदचाचणी व क्रिएटिनिन यांची नोंद प्रत्येक रुग्णपत्रकात असावी.

औषधयोजनेतील सावधगिरी

टॅक्रोलिमसची उपयुक्त मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर अत्यल्प असते. रक्तातील पातळी घटली तर यकृत नाकारले जाण्याचा धोका. वाढली तर वृक्क व मज्जासंस्थेस अपाय. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. पिंपळी-मिरीतील पिपेरिन औषधांचे विघटन करणाऱ्या विकरांना रोधते. त्रिकटुयुक्त कल्प टाळावेत. हळदीचा स्वयंपाकातील वापर निराळा. तिचे अर्क वा मोठ्या मात्रा नकोत. पपनसही वर्ज्य.

२. गुडूची, अश्वगंधा आदी प्रतिकारशक्ती चेतवणारी द्रव्ये देऊ नयेत. २०२१ मध्ये मुंबईतील तज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतविकार झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. तो वाद बाजूस ठेवला तरी, जी शक्ती हेतुपुरस्सर दडपली आहे तीच चेतवणे युक्तीला धरून नाही.

३. विरेचन देऊ नये. अतिसाराने टॅक्रोलिमसची पातळी वाढते आणि द्रवक्षयाने वृक्कांवर ताण येतो.

४. कुमार्यासव, रोहितकारिष्ट हे यकृतविकारातील नित्याचे कल्प. परंतु त्यांत स्वयंजनित मद्यांश असतो. मद्यजन्य यकृतविकारामुळे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णास ते मुळीच देऊ नयेत.

५. वृक्कदौर्बल्यात रसकल्प टाळावेत. इन्सुलिन चालू असताना शर्करा घटवणारी वनौषधी परस्पर जोडू नये.

औषधालयचालकांनी ‘लिव्हर टॉनिक’ मागणाऱ्या ग्राहकास प्रत्यारोपण झाले आहे का, एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा. ‘वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी’ हा समज येथे प्राणावर बेतू शकतो.

आपले कार्यक्षेत्र

मग वैद्याने करावे काय? आहार-विहाराचे क्षेत्र पूर्णतः आपले आहे. ज्वारीची भाकरी, जुने धान्य, मुगाचे वरण, शिजवलेल्या भाज्या, मोजके तूप, ठरावीक वेळी भोजन, दिवास्वाप वर्ज्य आणि शल्यचिकित्सकाच्या अनुमतीने नित्य चालणे, हे पथ्य मराठी घरात सहज रुजते. वृक्कविकार असल्यास डाळी-भाज्यांचे प्रमाण आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने ठरवावे. प्रत्यारोपणाची औषधे एक वेळही चुकवू नयेत, हे आपल्या तोंडून ऐकल्यास रुग्णाच्या मनात ते अधिक ठसते.

कोणतेही औषध देण्यापूर्वी प्रत्यारोपण केंद्राशी संपर्क साधावा. निदानपरिवर्जन हीच चिकित्सेची पहिली पायरी होय; या रुग्णांत अनेकदा तेवढेच करणे श्रेयस्कर ठरते.